हत्ती उत्तरेकडे, राणी दक्षिणेकडे

वीस ऑक्टोबरला आमच्याकडे व्हिएतनाममध्ये बायकांचा दिवस असतो. त्या दिवशी पुरुषांनी बायकांसाठी काहीतरी करून दाखवायचं, असा रिवाज आहे. बहुतेक जण कोपऱ्यावरून फुलं आणतात, जी त्या दिवशी दुप्पट महाग असतात, आणि संध्याकाळी स्वयंपाक करतात, जो दुसऱ्या दिवशी बायकांना निस्तरावा लागतो. गेल्या वर्षी आमच्या इमारतीतल्या पुरुषांनी समाजमंदिरात समूहगीत म्हटलं. ते ऐकल्यावर यंदा महिला शाखेने बऱ्याच आधी निरोप धाडला: फुलं नकोत, स्वयंपाक नको आणि गाणं तर हात जोडतो, अजिबात नको. काहीतरी टिकाऊ द्या.

इमारतीचे प्रमुख क्वीसाहेब. ते फौजेतून निवृत्त झालेत, पण फौज काही त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. त्यांनी अंगणातल्या चहावालीच्या बुटक्या स्टुलांवर सगळ्या पुरुषांना ओळीने बसवलं.

"समाजमंदिराची पश्चिमेची भिंत मोकळी आहे," ते म्हणाले. "ओल आलीय तिला. तिथे एक मोठं चित्र लावू. हत्तीवर बसून चिनी फौजेला हाकलणारी त्रुंग राणी. स्त्रीशक्तीपण झाली, इतिहासपण झाला आणि ओलपण झाकली गेली."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आता चित्र विकत कुठून आणायचं एवढाच प्रश्न होता आणि तो चहाचा पेला संपायच्या आत सुटलाही असता. पण तिसऱ्या मजल्यावरचे तोआन मध्येच म्हणाले, "विकत कशाला? मी करतो की. कागदाचं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. तोआन जन्मभर सरकारी नकाशा कचेरीत होते. डोंगर, नद्या, आगगाडीचे रूळ, सगळं कात्रीने कापायचं आणि जागच्या जागी चिकटवायचं, हे त्यांचं काम. पुढे ते काम यंत्रं करू लागली आणि तोआन घरी बसले. घरी त्यांच्या वाट्याला कोथिंबीर निवडायचं काम आलं आणि तीही न्हान, म्हणजे त्यांची बायको, दांड्या मोठ्या राहिल्या म्हणून पुन्हा निवडायला लावायची. ज्या हातांनी देशाचे किनारे कापले त्या हातांवर ही वेळ आली होती.

पण खरं कारण वेगळंच होतं. गेल्या वर्षीच्या वीस ऑक्टोबरला तोआनांनी दर वर्षीसारखी पिवळी शेवंती आणली, तेव्हा न्हान मासे साफ करत होती. तिने वर न बघता सांगितलं, "ठेवा बादलीत. पिवळीच असतील. इतक्या वर्षांत माझ्याकडे नीट बघून काही आणलंय का तुम्ही?" एवढं बोलून ती खवले काढायला लागली. तिच्या लेखी विषय संपला. तोआनांच्या घशात मात्र ते वाक्य वर्षभर माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं. म्हणून चहावालीच्या स्टुलावरच त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, की राणी त्रुंग असेल, पण चेहरा न्हानचा असेल. हे कुणाला सांगायचं नाही. वीस तारखेला भिंतीवरचा पडदा सरकेल आणि न्हान बघेल.

घरी आल्यावर न्हान म्हणाली, "तुम्ही? राणी? घरातली कात्री कुठल्या खणात असते ते तरी ठाऊक आहे का?"

ते ठाऊक नव्हतं. पण कलावंताने अशा गोष्टींना उत्तर द्यायचं नसतं.

गॅलरीला बाहेरून लोखंडी जाळी ठोकून आमच्याकडे प्रत्येकाने एकेक जास्तीची खोली केलेली आहे. तिला वाघाचा पिंजरा म्हणतात. तोआनांनी पिंजऱ्यात फळी टाकली आणि तिथे वाळणाऱ्या चादरी घरात आल्या. "राणीसाहेब येणार म्हणून आता चादरींनी माझ्या उशाशी वाळायचं का?" न्हानने विचारलं. तोआन म्हणाले, "थोडी कळ सोस. आणि हे बघ, पुरं होईपर्यंत आत यायचं नाही." न्हान म्हणाली, "मला काय हौस पडलीय!" ती खरंच आत गेली नाही. तोआनांना याचंही थोडं वाईट वाटलं.

हत्ती सोपा गेला. कचेरीतून निघताना रद्दीत काढलेले डोंगराळ भागाचे नकाशे त्यांनी घरी आणले होते. त्या तपकिरी कागदांचा असा काही हत्ती झाला की बघत राहावं. लांबून हत्ती, जवळून उंचीच्या रेषा. पोटावर दऱ्या, पाठीवर घाट, आणि सोंडेवरून एक नदी वाहत खाली यायची. घोडं अडलं ते राणीच्या झग्यापाशी. राणी म्हणजे सोनं हवं. चकचकीत कागदाची मासिकं हल्ली कोण घेतं? सगळे फोनवर वाचतात. नुकत्याच होऊन गेलेल्या शरदातल्या सणाच्या केकचे सोनेरी खोके त्यांनी इमारतभर फिरून गोळा केले, पण ते सगळे मिळून राणीची एक बाही झाली.

मग तोआन जुन्या हनोईतल्या कागदाच्या गल्लीत गेले. चांद्र पंचांगातल्या सातव्या महिन्याची, पितरांची पुनव केव्हाच होऊन गेली होती. पितरांना जे पाठवायचं ते लोकांनी जाळून पाठवून दिलं होतं, आणि उरलेला माल दुकानदार मिळेल त्या भावाने काढत होते. सोनेरी वर्खाचे गठ्ठे, दरबारी झगे, आरसे लावलेले मुकुट, यमलोकातल्या बँकेच्या नोटा, सगळं कागदाचं आणि सगळं डोळे दिपवणारं.

"काका, वडलांसाठी का आजोबांसाठी?" दुकानदारणीने विचारलं.

"राणीसाठी."

"मग मोठ्या मापाचा देते," ती म्हणाली. तिच्या दुकानात कुणी कुणासाठीही येतं.

तोआन शास्त्र मानणारे. कागद म्हणजे कागद, त्याला मेलेला-जिवंत काय कळतं? त्यांनी झगा घेतला, मुकुट घेतला, वर्ख घेतला आणि नोटांचं एक बंडल शत्रूच्या सैनिकांची चिलखतं करायला घेतलं. यमलोकातल्या नोटांनी मढलेलं सैन्य हत्तीच्या पायाखाली फार शोभून दिसलं.

एव्हाना बातमी जिन्यात पोचली होती. आमच्या इमारतीचा जिना म्हणजे एक मंत्रिमंडळ आहे. कुणी सांगितलं, राणी गोरी पाहिजे. कुणी म्हणालं, रणांगणावर उन्हातान्हात हिंडणारी बाई गोरी कशी असेल? पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त दंतवैद्यांनी दात दाखवायचा आग्रह धरला. चहावाली म्हणाली, हत्ती हसरा करा, गिऱ्हाईक येतं. तोआन सगळ्यांना "हो, हो" म्हणत वर जायचे आणि पिंजऱ्याची कडी लावायचे. चेहऱ्यासाठी त्यांनी न्हानचा एक फोटो लपवून आणला होता. पण फोटोत न्हान फोटोसाठी हसली होती. ते हसू हत्तीवर बसेना. शेवटी त्यांनी फोटो परत ठेवून दिला आणि आठवणीतला एक चेहरा करायला घेतला. शेवयांच्या खोक्याचा पुठ्ठा फिका पडला, चहाच्या पुड्याचा रंग बरोबर बसला. हनुवटीवरचा तीळसुद्धा लावला. असलेली टेकडी नकाशातून वगळायची नाही, असं त्यांच्या कचेरीत शिकवलेलं होतं.

समाजमंदिरात काहीही टांगायचं तर वॉर्डाच्या संस्कृती विभागाची परवानगी लागते. क्वीसाहेबांनी तिथल्या दिएप मॅडमना बोलावून आणलं. मॅडम वयाने तोआनांच्या मुलीएवढ्या. तोआनांनी राणीच्या चेहऱ्यावर आधीच वर्तमानपत्र टाकून ठेवलं होतं. "चेहरा वाळतोय," ते म्हणाले. मॅडमनी बाकीचं चित्र बघितलं, मान हलवली, "सुंदर आहे, काका," म्हणाल्या आणि मग भुवई उंचावून विचारलं, "भिंत पश्चिमेची ना?"

"हो."

"म्हणजे चित्राची डावी बाजू दक्षिणेला. आणि हत्तीचं तोंड डावीकडे आहे."

"मग?"

"काका, शत्रू उत्तरेकडून आला होता. राणी दक्षिणेकडे निघाली म्हणजे काय झालं? पळाली! आपली राणी आपण पळताना दाखवायची?"

जन्म नकाशात गेलेल्या माणसाला एका पोरीने दिशा शिकवावी! तोआनांचे कान तापले. "पूर्वेच्या भिंतीवर लावू," ते म्हणाले. पूर्वेच्या भिंतीवर विजेचे मीटर होते. "राणीच्या पोटातून मीटर वाचायचं का?" क्वीसाहेबांनी विचारलं.

"आणि दुसरं," मॅडम म्हणाल्या, "राण्या दोन होत्या. धाकटी बहीण कुठाय?"

धाकटी बहीण! शाळेतल्या पोरालासुद्धा माहीत असतं, त्रुंग म्हणजे दोघी. आणि तोआन न्हानच्या चेहऱ्यात असे काही गढले होते, की धाकटी राणी साफ विसरले. त्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण तिसऱ्या मजल्यावर तीही सोय नव्हती.

हत्ती सोडवायला त्यांनी किटलीची वाफ दिली. हत्ती सुटेना, नुसता घाम आल्यासारखा दिसायला लागला. दोन दिवस डोकं धरून बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हत्तीचं धड दोन्ही बाजूंनी सारखंच असतं. त्यांनी तोंड कापून शेपटीच्या जागी लावलं आणि शेपटी तोंडाच्या जागी. सोंडेवरची नदी आता उगमाकडे वाहू लागली आणि मागचे गुडघे पुढे आल्याने हत्ती जरासा लंगडायला लागला, पण निघाला उत्तरेला. राणीला मात्र हात लावायची सोय नव्हती. एक जरी तुकडा उचलला तरी चेहरा गेला असता. तेव्हा राणी राहिली दक्षिणेकडे तोंड करून.

मॅडम पुन्हा आल्या. "आता ही हत्तीवर उलटी बसलीय," त्या म्हणाल्या.

"उलटी नाही," तोआन म्हणाले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशी त्यांना एक गोष्ट सुचली. "मागे वळून बघतेय. धाकट्या बहिणीचा हत्ती मागून येतोय. चौकटीच्या बाहेर आहे."

मॅडमनी पेन काढलं. मग त्यांनी फाइलीत लिहिलं: आगेकूच करतानाही सहकाऱ्यांची काळजी वाहणारं नेतृत्व. दोन प्रश्न एका वाक्यात मिटले. त्या संध्याकाळी तोआनांनी पिंजऱ्यात बसून एकट्याने बिअरची बाटली उघडली. पण सुख त्यांच्या पत्रिकेत फार वेळ टिकत नाही.

दुसऱ्या दिवशी न्हान बाजारात गेली होती. तोआन राणीच्या भुवईला शेवटचा हात देत होते. दार उघडं होतं. चौथ्या मजल्यावरच्या थोआकाकू "लसूण आहे का हो, तोआनभाऊ?" करत सरळ आत आल्या. थोआकाकू म्हणजे देवळातलं माणूस. कुठल्या मातेला कुठल्या रंगाचा झगा चालतो, कुठल्या पुनवेला काय जाळायचं, हे त्यांना विचारूनच इमारत चालते.

"हा झगा कुठून आणला?"

"कागद आहे, काकू."

"कागद आहे ते दिसतंय. कुणाचा कागद आहे? भाऊ, हा मेलेल्यांचा माल! आणि तो घरात, ओल्या चादरींच्या शेजारी..." एवढ्यात त्यांची नजर वर गेली आणि हनुवटीवर थांबली. "अगं बाई! ही तर आपली न्हान!"

लसूण राहिला बाजूला. "तोआनभाऊ, अहो, कागदाचं घर जाळलं की पितरांना घर पोचतं. कागदाचा फोन जाळला की फोन पोचतो. आता तुम्ही कागदाची न्हान करून ठेवलीत!"

"पण मी जाळणारच नाहीये!"

"तुम्ही नाही हो जाळणार. पण ती वस्तूच जाळायची आहे. आज ना उद्या ती आपली वाट शोधणार."

दुपारपर्यंत सगळा जिना तोआनांच्या दारात होता. कुणी म्हणालं, आत्ताच्या आत्ता जाळा. दुसरं म्हणालं, वेडे आहात का, जाळलं तर न्हान पोचती होईल! नदीत सोडा. नदीत सोडली तर राणीचा अपमान होईल. चेहरा तेवढा कापून काढा. बिनचेहऱ्याची राणी भिंतीवर लावायची? भीक नको पण कुत्रं आवर, अशी तोआनांची गत झाली. आणि खरं दुःख असं, की एवढ्या गर्दीत एकानेही म्हटलं नाही, हत्ती छान झालाय.

न्हानला ही बातमी टोफूवालीने सांगितली. ती जिना चढून आली, पिशवी ठेवली आणि पिंजऱ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"मला कागदाची केलीत?"

"न्हान, एकदा बघ तरी."

"मेल्यावर बघेन," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणारी न्हान तोआनांच्या ओळखीची होती. गप्प बसलेल्या न्हानशी कसं वागायचं, हे त्यांना कधी शिकावंच लागलं नव्हतं. तिने जेवण वाढलं, फिश सॉसची वाटीसुद्धा त्यांच्या बाजूला सरकवली, आणि एक शब्द बोलली नाही. जिला बघितलंय हे सांगण्यासाठी सगळा खटाटोप केला, तिने बघायलाच नकार दिला होता.

सकाळी थोआकाकू पुन्हा आल्या. या खेपेला चेहऱ्यावर तेज. "आनंदाची गोष्ट आहे! मी गुरुजींना विचारून आले. ते म्हणाले, अहो, ही तर प्रतिमा झाली! माणसाच्या बदल्यात जाळतात ती. न्हानच्या कपाळी जे काही वाईट असेल, ते सगळं घेऊन ही कागदाची जाईल. लोक विकत आणतात, वीतभर असते. तुम्ही तर हाताने केलीत. एवढी मोठी! हत्तीसकट!"

आणि वारं फिरलं. काल ज्यांनी तोआनांना बायकोचा वैरी ठरवलं होतं, तेच आज त्यांची पाठ थोपटू लागले. "काय माया!" "आमच्या ह्यांनी साधी वीतभरसुद्धा नाही केली कधी." दंतवैद्यांच्या बायकोने डोळे पुसले. आता तोआनांनी "जाळायची नाही" म्हणावं, तर न्हानचं वाईट त्यांनाच हवंय असं होत होतं. "जाळा" म्हणावं, तर आयुष्यात मनापासून केलेली एकच गोष्ट भस्म होत होती. आगीतून फुफाट्यात म्हणतात, पण इथे दोन्हीकडे आगच.

क्वीसाहेबांची वेगळीच पंचाईत. वॉर्डाच्या भोंग्यावरून रोज सकाळी चित्राची घोषणा होत होती. "राणी जाळली तर मी भिंतीवर काय लावू? माझा गणवेशातला फोटो?" त्यांनी गरजून विचारलं. त्यांची बायको म्हणाली, "न्हानच्या जिवापेक्षा तुमची भिंत मोठी का?" क्वीसाहेबांनी शत्रूपुढे कधी शस्त्र ठेवलं नव्हतं असं ते सांगतात. इथे ठेवलं.

अंगणात लोखंडी पिंप आलं. उकडलेली कोंबडी आली, चिकट भात आला, पपनस आलं. चौघांनी चित्र चादरीत गुंडाळून जिन्यातून उतरवलं आणि प्रत्येक वळणावर सोंड मुडपली. न्हान घरातच होती. तिला बोलवायचं कुणाला सुचलं नाही. सगळं तिच्याच भल्यासाठी चाललं होतं, त्यामुळे तिला विचारायचं कारण काय?

अंगणात चादर बाजूला झाली. ऊन थेट झग्यावर पडलं. हत्ती लंगडत उत्तरेला निघाला होता, पायाखाली नोटांचं सैन्य चिरडत होतं, आणि वर राणी मान वळवून बघत होती, हनुवटी जरा वर, जणू आत्ता कुणाला तरी जाब विचारेल.

"अगंबाई," चहावाली हळूच म्हणाली, "किती छान झालीय हो."

तोआनांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जाळायच्या घटकेला का होईना, कुणीतरी म्हटलं होतं. थोआकाकूंनी काडेपेटी काढली.

"माझ्या नावाने जाळताय आणि मलाच आमंत्रण नाही?"

न्हान जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. हात भाताच्या पाण्याने ओले. गर्दीने वाट दिली. ती चित्रासमोर येऊन उभी राहिली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हा तीळ कुणी लावला?"

"मी," तोआन म्हणाले.

"आणि ही भुवईतली खोक? ही तर आता मलासुद्धा दिसत नाही आरशात."

"मला दिसते. तू नूडल्स फुंकून खातेस ना, तेव्हा भुवई वर जाते. तेव्हा दिसते."

न्हानने ओले हात झग्याला पुसले. स्वतःच्या, राणीच्या नव्हे. मग ती वळली. "काकू, ती काडेपेटी ठेवा खाली."

"अगं, पण तुझ्या भल्यासाठी..."

"माझ्या भल्याचं मी बघते. इतकी वर्षं हा माणूस माझ्याकडे बघून फक्त भाजी काय आणू एवढंच विचारत आला. आता कुठे माझ्याकडे बघून काहीतरी केलंय, तर ते तुम्ही जाळायला निघालात?"

"पण झगा मेलेल्यांचा आहे, पोरी!"

"मग राणी काय जिवंत आहे? तिला जाऊन दोन हजार वर्षं होत आली. तिला मेलेल्यांचाच झगा शोभतो. चेहरा माझा आहे आणि मी तुमच्यासमोर जिवंत उभी आहे. झगा तिचा, चेहरा माझा. जिचं तिला पोचलं. आता मधे काडी कशाला घालता?"

एवढ्या पुनवा झाल्या, थोआकाकूंशी असा हिशोब कुणी केला नव्हता. "तसं बघितलं," त्या शेवटी म्हणाल्या, "तर बरोबर आहे."

पण पिंप मांडलेलं, कोंबडी उकडलेली. काहीतरी जाळायलाच हवं होतं. न्हानने तोआनांना वर पिटाळलं आणि उरलेला वर्ख, मुकुटाचे उरलेले तुकडे, उरलेल्या नोटा, सगळं खाली आणायला लावलं. "सासूबाईंना पाठवा," ती म्हणाली. "जिवंतपणी त्यांनी मला कानातलं सुद्धा दिलं नाही, पण मी मनात ठेवत नाही." ज्वाळा चांगल्या उंच गेल्या. सगळ्यांनी कोंबडी खाल्ली आणि तोआनांच्या ताटात न्हानने तंगडी वाढली. घशातला काटा कधी निघाला, त्यांना कळलंही नाही.

वीस तारखेला दिएप मॅडमनी पडदा सरकवला आणि काळजीवाहू नेतृत्वावर भाषण केलं. टाळ्या झाल्या. मग दंतवैद्यांच्या बायकोने नवऱ्याकडे बघून विचारलं, "आणि माझा चेहरा कधी?" ते वाक्य वणव्यासारखं पसरलं. त्या दिवसापासून इमारतीतला एकही पुरुष तोआनांशी धड बोलत नाही. फक्त क्वीसाहेब एकदा, दार आतून लावून घेत, बायकोचा पासपोर्टचा फोटो काढून म्हणाले, "कात्री कशी धरायची ते सांग. आणि हे बाहेर जाता कामा नये."

पडदा सरकला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तोआन आणि न्हान बाजाराला निघाले. समाजमंदिर उघडं होतं. न्हान आत शिरली. बाजाराच्या वाटेवर समाजमंदिर लागत नाही, पण तोआन मागोमाग गेले.

"खरं सांगा," ती म्हणाली. "ही मागे कुणाकडे बघतेय?"

"धाकट्या बहिणीकडे. फाइलीत तसंच आहे."

"बहिणीकडे कुणी असं बघतं का?"

तोआन म्हणाले, "रेशनच्या रांगेत. तेव्हा नंबरासाठी विटा ठेवायचो आपण. तू तुझी वीट माझ्या पुढे ठेवलीस, 'हिच्याकडे लक्ष ठेवा' म्हणालीस आणि माशांच्या रांगेकडे पळालीस. ओळख ना पाळख. कोपऱ्यावर गेल्यावर एकदा मागे वळून बघितलंस. मी वीट हलवतो की काय, म्हणून."

न्हान राणीकडे बघत राहिली. तिची मान थोडी वळलेली होती आणि हनुवटी जरा वर.

"नाही हलवलीत," ती म्हणाली.

"कशी हलवणार? तू अशी बघत होतीस."

"त्या दिवशी मासे संपले होते," न्हान म्हणाली. मग तिने हातातली पिशवी त्यांच्याकडे दिली. "धरा जरा. मी जवळून बघून आलेच." आणि तोआन पिशवी धरून जागच्या जागी उभे राहिले.